सोसायटीचा एसटीपी बंद करायचा की दुरुस्त करायचा? रविवारी सभा आहे

मुलुंडची सेक्रेटरी (मंगळवार, रात्री ११.२०)

नमस्कार. मुलुंड पश्चिमेला आमची सोसायटी आहे. तीन विंग, १६८ फ्लॅट. बिल्डरने ताबा देऊन चार वर्षं झाली आणि गेल्या ऑगस्टपासून सेक्रेटरीचं काम माझ्याकडे आलं. मी बँकेतून निवृत्त झाले आहे. हिशेब मला कळतात, पण तळघरातलं हे प्रकरण कळत नाही आणि ज्याला कळतं असा माणूस सापडत नाही, म्हणून इथे विचारते आहे.

बी विंगखाली आमचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट आहे, दिवसाला एक लाख लिटरचा. त्यातून निघालेलं पाणी गच्चीवरच्या वेगळ्या टाकीत चढतं आणि तिथून सगळ्या घरांच्या फ्लशला येतं. पहिली तीन वर्षं खाली असं काही आहे हे कुणाला जाणवलंसुद्धा नाही. डिसेंबरपासून वास यायला लागला. आता मे महिन्यात सहन होत नाही. बी विंगच्या पहिल्या मजल्यावर ८४ वर्षांच्या एक आजी राहतात. त्या पहाटे उठून दाराच्या फटीला ओला टॉवेल लावतात, मी स्वतः जाऊन पाहिलं. वास कुजक्या अंड्याचा आहे. दिवसभर सारखा नसतो. साडेसहाला दूधवाला येतो तेव्हा सगळ्यात जास्त, दहाच्या सुमारास बराच कमी, रात्री जवळजवळ नाहीच. फ्लशचं पाणी फिकट चहासारखं आणि कमोडला काळपट कडा धरते.

कंत्राटदाराचा माणूस आठवड्यातून दोनदा येतो, कसलीशी पावडर टाकतो, वहीत सही करतो. विचारलं की ‘लोड जास्त आहे मॅडम’.

कमिटीतल्या नऊपैकी पाच जण म्हणतात, प्लांट बंद करा, सगळं थेट पालिकेच्या लाइनीत सोडा आणि फ्लशला पालिकेचं पाणी घ्या. रविवारी त्यावर सभा आहे. मला हे पटत नाही. पण मी सभेत उभं राहून पाणी वाचवा म्हटलं, तर त्या आजींना काय उत्तर देऊ? वास गेला पाहिजे हे त्यांचं म्हणणं खरंच आहे ना.

जुना ऑपरेटर (बुधवार, सकाळी ६.०५)

ताई, वासाची वेळ लिहिलीत हे फार बरं केलंत. रात्री वास नाही आणि सकाळी साडेसहाला सगळ्यात जास्त, यावरून मला एकच दिसतं. तुमचा ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, रात्री बंद असतो आणि पहाटे सुरू होतो. टायमर लावलेला असेल. पॅनेलवर बघा.

मी २२ वर्षं हेच काम केलं. आधी पवईच्या एका मोठ्या वसाहतीत ऑपरेटर होतो, मग पाच-सहा प्लांटचा सुपरवायझर. लोक एसटीपीला मशीन समजतात आणि सगळं तिथेच बिघडतं. त्या टाकीत काम जिवाणू करतात. ब्लोअर त्यांना नुसती हवा पोचवतो. जनावर पाळल्यासारखं आहे ते, त्याला चोवीस तास श्वास लागतो आणि रोजचं खाणं लागतं. खाणं म्हणजे तुमचा मैला, ते तर येतच असतं. एखाद-दुसरा तास हवा थांबली तर निभतं. सहा-सात तास थांबली की कामाचे जिवाणू गुदमरतात आणि बिनहवेचे माजतात. ते पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा वायू करतात, अंड्याचा वास त्याचाच. रात्रभर तो पाण्यात मुरतो. पहाटे ब्लोअर लागला की बुडबुडे तो सगळा एकदम वर काढतात आणि तो आजींच्या दारात जातो.

आता मी सांगतो ते स्वतः करून बघा. कंत्राटदाराच्या माणसावर सोडू नका.

ब्लोअर चालू असताना एअरेशनच्या, म्हणजे हवा सोडायच्या, टाकीत वरून बघा. प्लॅस्टिकची छोटी चाकं गरगरताना दिसतात का? दिसली तर मला कळवा, तुमचा प्लांट वेगळ्या पद्धतीचा आहे. नसतील तर साधा आहे आणि मग बरणीने परीक्षा होते. बुडबुडे सगळीकडे सारखे, बारीक, तांदूळ उकळल्यासारखे यायला हवेत. एकाच कोपऱ्यात भकाभका मोठे येत असतील तर तिथला डिफ्युझर, म्हणजे तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारा भाग, फाटलाय आणि बाकीच्या टाकीला हवाच नाही.

बरणी अशी. एक लिटरची, उभट, आरपार दिसणारी. लोणच्याची चालेल. बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून दहा सारख्या खुणा करा. दोरीला डबा बांधून टाकीतलं घुसळलेलं पाणी काढा, बरणी काठोकाठ भरा, सपाट जागी ठेवा आणि अर्धा तास हात लावू नका. तब्येतीच्या प्लांटमधला गाळ तपकिरी असतो, पिंजलेल्या कापसासारखा ढगाढगाने खाली बसतो. अर्ध्या तासाने तो अडीच ते साडेतीन खुणांपर्यंत असावा आणि वरचं पाणी नितळ. हुंगून बघा. पहिल्या पावसात माती भिजते तसा वास येतो. मला अजून आवडतो तो वास.

आणि एक गोष्ट सभेच्याही आधी, आजच. टाकीत कुणालाही उतरू देऊ नका. पंप अडकला, किल्ली पडली, काही होवो. हा वायू थोडा असतो तोवर वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास यायचा थांबतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. दोन श्वासांत माणूस खाली जातो, आणि त्याला काढायला उडी मारणारा दुसराही. माझा एक सोबती असाच गेला. त्याच्या घरी निरोप घेऊन मी गेलो होतो. माणसाला असं असुरक्षित गटारात, टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. झाकणाला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा.

कांदिवलीकर (बुधवार, दुपारी १.४०)

मी उलटं सांगतो, राग मानू नका. आम्ही तीन वर्षांपूर्वी बंद केला. तीन कंत्राटदार बदलले, दरवेळी नवीन पंप, जिवाणूंचं नवीन कल्चर, नवीन बिल, आणि लिफ्टमध्ये वास तोच. शेवटी लोक एकमेकांशी बोलेनासे झाले होते. बंद केल्यावर वास महिन्याभरात गेला.

पण काय झालं तेही सांगायला हवं. जून २०२४ मध्ये पालिकेने दहा टक्के पाणीकपात केली तेव्हा आमच्या फ्लशच्या टाक्या सकाळी नऊलाच रिकाम्या. पिण्याच्या टाकीतून फ्लशला पाणी वळवलं, मग प्यायला कमी पडलं, मग टँकर. त्या तीन आठवड्यांत टँकरवर जेवढे गेले तेवढ्यात प्लांट निम्मं वर्ष चालला असता. तरीही चांगला माणूस मिळणार नसेल तर मी आजही बंदच करा म्हणेन. बिघडलेला प्लांट चालू ठेवण्यात काही पुण्य नाही.

एक चौकशी मात्र करा. तुमचं एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर असेल तर केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार बिल्डरने पर्यावरण मंजुरी घेतलेली असणार, आणि एसटीपी चालवणं ही तिच्यातली अट असते. बंद करायचं ठरवलं तर सही करणाऱ्यावर येतं. हे आम्हाला नंतर कळलं.

शहापूरचा (बुधवार, रात्री ९.१५)

मी घाटकोपरला नोकरी करतो, घर शहापूर तालुक्यात. मुंबईला पाणी देणाऱ्या सात धरणांचा साठा मोजला तर जवळपास निम्मा एकट्या भातसाचा. ते धरण आमच्या तालुक्यात. तानसा आमच्याकडे, मोडकसागरही जवळच. भातसाचं पाणी नदीने पिसेपर्यंत येतं, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध करतात आणि मोठमोठ्या पाइपांनी तुमच्याकडे पाठवतात. मे महिन्यात आमच्या पाड्यावर आठवड्यातून दोनदा टँकर येतो. तो विहिरीत ओततात आणि बायका रांगेने शेंदतात. माझी आई ६२ वर्षांची आहे, तीही त्या रांगेत असते.

मुंबईने पाणी पिऊ नये असं मी म्हणत नाही. मीही तेच पितो. पण एवढं लांबून आणलेलं, गाळलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी संडासात ओतायचं ठरवाल तेव्हा आमची रांग एकदा डोळ्यासमोर आणा. एवढंच.

भांडुप पूर्व (गुरुवार, सकाळी ७.५०)

थेट पालिकेच्या लाइनीत सोडा म्हणणाऱ्यांसाठी. मुलुंडचं सांडपाणी जातं आमच्या भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात आणि तिथून ठाण्याच्या खाडीत. हिवाळ्यात मी रविवारी पंपिंग स्टेशनच्या रस्त्याने खाडीकडे जातो. ओहोटीच्या चिखलात हजारो रोहित पक्षी माना खाली घालून चरत असतात. ती खाडी २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेली. आपल्या संडासातून निघालेलं पाणी शेवटी त्यांच्या पायाखाली येतं. पालिकेच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या सात नव्या प्रकल्पांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं, सगळे मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटरचे, त्यात भांडुपचा २१५ चा. ते व्हायलाच हवेत. पण जे पाणी आपण आपल्या इमारतीतच फिरवून परत वापरलं, ते त्या केंद्रापर्यंत न्यावंही लागत नाही आणि धरणातून आणावंही लागत नाही. ताई, तुमचं बरोबर आहे. मागे हटू नका.

मुलुंडची सेक्रेटरी (गुरुवार, रात्री १०.३०)

काका, टायमर सापडला. रात्री ११ ते सकाळी ६ बंद.

जुनी इतिवृत्तं काढून बसले. ऑक्टोबरच्या बैठकीत कॉमन मीटरचं बिल कमी करायचा विषय होता. जिन्यातले दिवे, लिफ्टचे पंखे आणि ‘एसटीपीचा ब्लोअर रात्री बंद ठेवणे’. महिन्याला साडेसात हजार वाचतात असं खजिनदारांनी दाखवलं आणि ठराव एकमताने मंजूर झाला. त्याखाली माझी सही आहे. डिसेंबरात वास सुरू झाला तेव्हा दोन्हींचा संबंध आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आला नाही. कंत्राटदाराचा माणूस दर खेपेला तो टायमर बघत होता, त्यानेही सांगितलं नाही.

प्लॅस्टिकची चाकं नाहीत. बरणी आज दुपारी लावली, वॉचमन आणि सी विंगमधली दोन कॉलेजची मुलं जिन्यात बसून घड्याळ बघत होती. काका, तो गाळ काळा आहे. कापसासारखं काही नाही, कोळसा खलवल्यासारखं. अर्ध्या तासाने तळाला जेमतेम अर्ध्या खुणेएवढा थर, वरचं पाणी गढूळच. वास बरणी बंद केली तरी हाताला राहिला. बुडबुडे उजव्या कोपऱ्यात मोठे, डावीकडे नाहीतच. झाकणाला कुलूप लावलं आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये.

कांदिवलीकर, तुमचं प्रामाणिक उत्तर उपयोगी पडलं. मंजुरीची कागदपत्रं बिल्डरच्या फायलीत मिळाली, अट खरंच आहे.

आणि सभेसाठी मी एक हिशेब मांडला आहे, चुकत असेल तर सांगा. घरटी चार धरले तर ६७० माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ४५ फ्लशचं. म्हणजे रोज ३०,००० लिटर, दहा हजारी टँकर तीन. महिन्याला ९० टँकर. साडेसात हजारांच्या विजेसाठी आपण ९० टँकरचं पाणी घालवायला निघालो आहोत.

जुना ऑपरेटर (शुक्रवार, सकाळी ५.५०)

हिशेब बरोबर आहे. सभेत तोच वाचा, बाकी काही बोलू नका.

तुमच्या टाकीत आता जीव उरलेला नाही, नव्याने भरावा लागेल. पावडरने होत नाही. शेजारच्या एखाद्या सोसायटीचा प्लांट चांगला चालत असेल तर त्यांचा जादा गाळ एक टँकरभर मागून आणा. ते तसाही काढून टाकतातच. दह्याला विरजण लावतो तसं समजा. मात्र त्याआधी दोन गोष्टी. पुढच्या टाकीत तळाशी बसलेला गाळ एअरेशनमध्ये परत आणणारा छोटा पंप असतो. बरणीत एवढाच गाळ म्हणजे माझ्या मते तो पंप बंद पडलाय. तो दुरुस्त नसेल तर आणलेलं विरजण चार दिवसांत वाहून जाईल. आणि डिफ्युझर. डावीकडे हवाच नाही तर अर्धी टाकी उपाशी आहे. ते टाकी रिकामी न करता, दांड्यासकट वर उचलता येणारे असतील तर उत्तम. नसतील तर यंत्राने टाकी उपसून, हवा खेळवून, गॅस मोजून, परवानाधारक माणसांकडूनच.

ब्लोअर चोवीस तास सुरू कराल त्या पहिल्या दिवशी वास उलट वाढेल. दुपारी सुरू करा, तळघराचे एक्झॉस्ट आधी अर्धा तास चालवा, गाड्या काढायला लावा, आणि आजींना दोन दिवस लेकीकडे पाठवता आलं तर बघा.

घरोघरी एक चिठ्ठी द्या. संडास साफ करायला ॲसिड ओतू नका, फिनेलची बाटली मोरीत उपडी करू नका. जंतू मरतात म्हणून जाहिरात करतात ना, ते आपलेच मरतात. तळणाचं तेल सिंकमध्ये नको. पॅड, डायपर, ओले वाइप्स कमोडमध्ये तर अजिबात नको. पंप त्यानेच अडकतो, आणि पंप अडकला की कुणीतरी म्हणतं, जरा उतरून बघ रे.

कांदिवलीकर (शुक्रवार, दुपारी २.१०)

आमच्याकडेही रात्री बंद ठेवायचे. मला आत्ता आठवलं. तिघा कंत्राटदारांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं. आमचा परत सुरू करता येईल का, काका? तीन वर्षं टाकी तशीच आहे, खाली पाणी साचलेलं.

जुना ऑपरेटर (शुक्रवार, सायंकाळी ७.००)

येईल. पण तीन वर्षं बंद असलेल्या टाकीचं झाकण उघडायच्या आधी मला खासगीत संदेश करा. तोवर त्या तळघरात कुणी एकट्याने जाऊ नये.

मुलुंडची सेक्रेटरी (पाच आठवड्यांनंतर, सोमवार, रात्री ९.४५)

इथे सगळ्यांनी एवढं लिहिलंत, म्हणून पुढचं कळवते.

सभेला १०९ जण होते. मी आधी ऑक्टोबरचा ठराव वाचला, माझ्या सहीसकट, आणि मग ९० टँकरचा हिशेब. सी विंगच्या मुलांनी ती काळी बरणी टेबलावर ठेवली होती. शहापूरच्या भाऊंचं उत्तर त्यांची परवानगी घेऊन वाचलं. वाचताना सभागृहात कुणी बोललं नाही. तीन महिने प्लांट नीट चालवून बघायचा आणि मग ठरवायचं, असं ७१ विरुद्ध ३८ ने ठरलं. विरोधातल्या ३८ मध्ये बी विंगची बहुतेक घरं होती आणि मला ते चूक वाटत नाही. सहा महिने वास त्यांनीच काढला. त्यांची अट मान्य केली, तळघराच्या एक्झॉस्टचा पाइप आता गच्चीपर्यंत नेतो आहोत.

गाळ परत आणणारा पंप खरंच जळालेला होता. वहीत त्याच्यासमोर दर आठवड्याला ‘ओके’ लिहिलेलं. कंत्राट बदललं. नवीन माणूस रोज येतो आणि बरणी लावतो, आकडा जिन्यातल्या फळ्यावर लिहितो. पहिला आठवडा अर्धी खूण, मग एक, मग दीड. विरजणाचा टँकर दोन गल्ल्या पलीकडच्या सोसायटीने फुकट दिला, फक्त टँकरचं भाडं आपलं. काल आकडा अडीच होता. गाळ तपकिरी झाला आहे, आणि वरच्या पाण्यातून बरणीमागचा फळ्यावरचा आकडा वाचता येतो.

वास सकाळी अजून थोडा येतो, पण अंड्याचा नाही. आजी अजून टॉवेल लावतात. म्हणाल्या, पावसाळा जाऊ दे, मग बघू.

काका, एक विचारायचं राहिलं. शनिवारपासून टाकीवर पांढरा फेस येतोय, साबणासारखा, वीतभर उंच. माणूस म्हणतो फेस मारायचं औषध टाकू. टाकू द्यायचं का?

जुना ऑपरेटर (मंगळवार, सकाळी ६.००)

नको, ताई. पांढरा आणि हलका फेस असेल तर गाळ अजून कोवळा आहे, कपड्यांच्या साबणाला पुरा पडत नाही. आकडा तीनच्या जवळ गेला की आपोआप बसतो. तोवर वरून पाण्याचा फवारा मारा, शुद्ध झालेलंच पाणी वापरा. गाळ बाहेर काढणं पंधरा दिवस थांबवा. फेस तपकिरी आणि चिकट झाला तर मात्र गाळ म्हातारा झाला समजा. तेव्हा लगेच लिहा, उपाय बरोबर उलटा असतो.